घासलेला शिक्का

न्युरेम्बर्गच्या नेमबाजी क्लबात नाव घातल्यावर सत्यजितला स्वतःची रायफल हवी होती. दणकट, पण खिशाला परवडणारी. क्लबातले म्हातारे फोगेल त्याला दुकानात घेऊन गेले. लष्कराने विकायला काढलेल्या जुन्या रायफलींतून त्यांनी एक उचलली.

“ही घे. महायुद्धातली आहे, अजून शंभर वर्षं टिकेल. स्वस्त एवढ्यासाठीच, की नाझींचा शिक्का कुणीतरी कानशीने घासून काढलाय.” त्या जागेवरून अंगठा फिरवत ते हळूच म्हणाले, “माझ्या वडिलांनी हे केलं असतं, तर मी आयुष्यभर मान वर करून चाललो असतो.”

खंडेनवमीला पुण्याहून आलेल्या आईने रायफल पाटावर ठेवायला लावली. तेवढ्यात बेल वाजली. पूजेला बोलावलेले फोगेल केक घेऊन आले होते. सत्यजित त्यांना आत घेऊन आला, आणि दोघंही खोलीच्या दारातच थिजले.

“अरे सत्या, बरं झालं माझं लक्ष गेलं,” कुंकवाचं बोट पुसत आई म्हणाली. “इथे आधी स्वस्तिकच होतं, पुसट दिसत होतं. कुठल्या मेल्यानं खरवडलं कोण जाणे! मी होतं तस्सं परत काढलं.”