शनिवारचे श्रोते

नळवाला घोरायला लागला, तेव्हा मास्तर 'मी' या शब्दापाशी पोचले होते.

"हा 'मी' जरा बाजूला सरकवला," ते म्हणाले, "की समोरचा माणूस दिसायला लागतो. एरवी तो दिसत नाही, कारण मध्ये आपणच उभे असतो."

समोरच्या माणसांपैकी शिवणवाली एका सदऱ्याला बटणं लावत होती. औषधांच्या दुकानातली बाई मांडीवर मोबाइल पालथा ठेवून बसली होती आणि थोड्या थोड्या वेळानं तो सुलटा करून बघत होती. नळवाल्याची मान छातीवर आली होती. दिवसभर लोकांच्या मोऱ्यांमध्ये वाकलेला माणूस, टेकला की झोपायचाच. दाराशी मास्तरांची बायको डोळे मिटून बसली होती. ती तेवढी ऐकत होती.

मास्तरांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि उरलेल्या वेळात संतांपासून तत्त्वज्ञांपर्यंत मिळेल ते वाचलं. मुलगी गेल्यावर तिची खोली रिकामीच होती. एक दिवस बायकोनंच तिथे खुर्च्या मांडल्या. "एवढं वाचलंय ते चार माणसांना सांगा," ती म्हणाली. "डोक्यात मुरवून त्याचं काय लोणचं घालायचंय?" तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी बैठक भरायची.

लोक यायचे, हेच नवल. प्रश्न कुणी विचारायचं नाही. मागच्या वेळी काय सांगितलं होतं, असं मास्तरांनी विचारलं, तर शिवणवाली म्हणायची, "चांगलंच सांगितलं होतं की." पण मध्येच उठून जायचं कुणी नाव काढत नसे. कुणाकडे पाणी तुंबल्याचा फोन आला, तरी नळवाला "तासाभरानं येतो" म्हणायचा आणि पुन्हा मान टाकायचा.

आज मास्तर बोलता बोलता थांबले. त्या शांततेनं नळवाला जागा झाला.

"संपलं?"

"नाही. एक विचारू? तुम्ही येता कशाला?"

नळवाल्यानं शिवणवालीकडे पाहिलं. शिवणवालीनं दातानं दोरा तोडला.

"येतो आपलं," ती म्हणाली. "घरी बसून तरी काय करायचं?"

"आणि तुम्ही?" मास्तर औषधवालीकडे वळले. "ऐन गिऱ्हाइकाच्या वेळेला दुकान बंद करून येता. मोबाइल बघायला?"

तिनं मोबाइल पिशवीत टाकला. "तुम्ही बोला ना मास्तर. आम्ही आहोत."

"खुर्च्याही आहेत."

"चहा टाकते," म्हणत मास्तरांची बायको उठली.

सगळे गेल्यावर मास्तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"गाढवापुढे वाचली गीता," ते म्हणाले. "पुढच्या शनिवारी सांगून टाकतो त्यांना. बैठक बंद."

कप विसळणारा तिचा हात थांबला. "असं काय एकदम?"

"एकदम कुठे? पालथ्या घड्यावर पाणी घालून घालून हात दुखले. तू सोडलीस तर एकाच्याही आत थेंब गेलेला नाही. तुझ्यासाठीच इतकं रेटलं."

"मग अजून थोडं रेटा."

"कशासाठी?"

"माझ्यासाठीच म्हणा."

मास्तरांना तिची दया आली. बिचारीला एवढीच गोडी लागली होती. पण त्यांच्यात आता त्राण नव्हतं. आपल्याजवळ जे सगळ्यांत मोलाचं, ते लोकांसमोर ठेवायचं आणि त्यांनी त्यावर जांभया द्यायच्या. किती दिवस सोसायचं?

त्या आठवड्यात त्यांनी पुस्तक उघडलं नाही. खिडकीशी बसून राहिले. बायको सारखी डोकावून जायची. "काय वाचताय?" "काही नाही." "काय विचार चाललाय?" "काही नाही." मग भाजी अर्धवट चिरलेली टाकून ती चप्पल घालून कुठेतरी जाऊन यायची. मास्तरांनी कुठे ते विचारलं नाही. बोलायचाच कंटाळा आला होता.

शनिवारी ती दूध आणायला बाहेर पडली, तेव्हा त्यांनी स्वतःच खुर्च्या मांडल्या. शेवटचंच मांडणं. काम उरकल्यावर आपल्या जागी जावंसं वाटेना. ते मागच्या रांगेत, नळवाल्याच्या खुर्चीवर बसले.

दार लोटून एक तरुण बाई आत आली. अंगावर नर्सचा गणवेश होता. समोरच्या घरात याच आठवड्यात कुणी नर्स राहायला आलीय, एवढं मास्तरांनी ऐकलं होतं.

"इथेच ना ते प्रवचन?"

"हो."

"बरं झालं तुम्ही आहात. एकटीला अवघडल्यासारखं झालं असतं." ती शेजारच्या खुर्चीत बसली आणि तिनं बुटातून पाय काढून घेतले. "आणि ते काका? बोलणारे?"

"येतील," मास्तर म्हणाले. ऐकायच्या ओढीनं आलेला हा पहिलाच श्रोता, असं त्यांना वाटलं. बंद करायचं ते आणखी एक शनिवार पुढे ढकलायला हरकत नव्हती. "तुम्हाला आवड दिसते अध्यात्माची."

"कुठली हो आवड! रात्रपाळीनंतर दिवसाचीही ड्यूटी करून आलेय. पण परवा काकू दारात उभ्या राहून रडायलाच लागल्या. म्हणाल्या, यांनी पुन्हा बोलणं टाकलंय, माणसं कमी पडतायत. मग नाही कसं म्हणणार?" तिनं आवाज खाली आणला. "मुलगी वारली ना त्यांची. तेव्हा महिनोन् महिने एक शब्द नव्हता म्हणे काकांच्या तोंडात. अन्नसुद्धा सोडलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा सगळ्यांनी मिळून हे सुरू केलं. पण तुम्हाला मी काय सांगतेय, तुम्ही जुनेच असाल यातले."

मास्तर समोरच्या आपल्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले.

नर्सनं डोकं भिंतीला टेकलं. तिचे डोळे मिटत आले होते.

"काकू म्हणाल्या, कळलं नाही तरी चालेल, झोप लागली तरी चालेल. फक्त ते बोलतायत तोवर उठायचं नाही."