ड्रायव्हरचं झाकण

दस्तगीरनं रणगाड्यावरचा फडका काढला, तशी हरणाबाईनं आधी पदराला हात पुसले आणि मगच ती पुढं सरकली. पोराच्या गाडीला ओले हात कसे लावायचे?

कुंडलच्या त्या घराच्या सोप्यात हातभर लांबीचा रणगाडा पाटावर उभा होता. सांगाडा सागवानी, पण वरची सगळी नजाकत जस्ताच्या पत्र्याची. दस्तगीरचा सांगलीत छपाईचे ब्लॉक करायचा धंदा. लग्नपत्रिकेतला गणपती असो की पुढाऱ्याचं थोबाड, चित्राचा फोटो काढून पत्र्यावर उतरवायचा आणि नको तेवढा पत्रा तेजाबाला खाऊ घालायचा. त्याच रीतीनं त्यानं या गाडीच्या जाळ्या, कड्या, बिजागऱ्या आणि पट्ट्याचा दुवा न् दुवा काढला होता. जोतीराम आणि तो एका पाटीवर अक्षरं गिरवलेले. एकाहत्तरच्या लढाईत जोतीराम गेला तो असल्याच गाडीत, ड्रायव्हरच्या जागेवर.

माहिती सगळी लालासाहेबाची. तो त्याच गाडीवर तोफ चालवायचा, आणि तिच्यातून जिवंत निघाला तो एकटाच. वडूजचा हा गडी सुट्टीला आला की आपल्या घराआधी कुंडलला उतरायचा आणि हरणाबाईला "आये" म्हणायचा. त्यानं इतक्यात जाऊ नये म्हणून ती त्याची पिशवी कणगीमागं दडवायची. आज सकाळीही दडवली होती. गोळा समोर बसला, जोतीराम त्या गोळ्यानंच जागीच गेला, ड्रायव्हरचं झाकण चेपलं, दोन्ही हातांनी ओढलं तरी निघालं नाही, हे त्यानं तिला कितीदा सांगितलं होतं. तळहातावरचे भाजल्याचे डाग दाखवले होते. त्या हातांना तिनं खोबरेल चोळलं होतं.

"ह्यात कुटं बसायचा रं माजा जोतीराम?" तिनं विचारलं.

दस्तगीरनं गाडीच्या तोंडाशी उजव्या अंगाचं झाकण दाखवलं. "हितं, मावशी. उघडतंय त्ये. नखानं उचला."

लालासाहेब चपापला. "उघडतंय? तुला म्हनलं व्हतं न्हवं, डाख लावून बसवून टाक म्हनून?"

"म्हनला व्हतास गड्या. पर मावशीला जोत्याची जागा बघायची आसंल की."

झाकणावर दस्तगीरनं जोतीरामचं नाव काढलं होतं, मुंगीएवढ्या अक्षरांत. हरणाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं नावावरून नुसतं बोट फिरवलं.

"लाला, गोळा बसला तवा तोफ कुनीकडं व्हती? तशी कर बगू."

लालासाहेबाच्या हातानं तोफ फिरवली. विचार मागून आला असावा. नळी पुढं, जराशी उजवीकडं येऊन थांबली, नेमकी जोतीरामच्या नावावर.

हरणाबाईनं नख घातलं. झाकण थोडं उचललं आणि नळीला खालून लागलं, टक्. तिनं पुन्हा उचललं. पुन्हा टक्.

दस्तगीर ओशाळला. "माजंच चुकलं मावशी. ब्लॉकवाल्याचा हात. छापल्यावर सुलटं दिसावं म्हनून जल्मभर उलटंच काढत आलोय. पत्रा उलटा झाला आसंल, आन् बिजागरी गेली भलतीकडं."

"त्येच!" लालासाहेब एकदम म्हणाला. "उलटंच झालंय. खऱ्या गाडीत आसं न्हाई. कामात ध्यान नगं व्हय रं?"

दस्तगीरनं खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि तो वाकला. नळीच्या सावलीतलं नाव त्यानं वाचलं. सुलटं होतं. पत्रा उलटा झाला असता तर नावही उलटं आलं असतं. इतका वेळ स्वतःला दोष देणाऱ्या दस्तगीरच्या अंगाचा आता तिळपापड झाला.

"सुलटंच हाय, लाला. तू दाखवलंस तस्संच हाय."

लालासाहेबानं गाडीवरचा हात मागं घेतला.

हरणाबाईची नजर झाकणावरून हलली नव्हती. "चेपलं व्हतं न्हवं रं त्ये?"

"न्हाई, आये."

"मग?"

"मी वरनं भाईर उडी मारली. जोत्या आतनं झाकन ठोकत व्हता. मी ओढलं, लय ओढलं. पर वर तोफ आडवी. ती आत बसूनच फिरवाया लागती." त्यानं डागाळलेले तळहात मिटले. "परत आत जायला पायजे व्हतं."

"गेला न्हाईस."

"गाडी पेटली व्हती, आये."

ठोकत होता. म्हणजे गोळ्यानं गेला नव्हता. हरणाबाईला पोरगा पुन्हा एकदा गेल्यासारखं झालं, आणि या खेपेला एकटा नाही, दोघं गेले. ती रडली नाही. रडायला आता जवळ घ्यावं असं माणूसच समोर नव्हतं.

तिनं एका बोटानं नळी बाजूला सारली. अलगद फिरली, दस्तगीरचं काम होतं ते. मग झाकण उचललं. ते सहज उघडलं. आत बोटभर जागा होती. ती तिनं बराच वेळ पाहिली आणि झाकण तसंच उघडं ठेवलं.

मग उठून ती कणगीमागं गेली. पिशवी काढली, तिच्यावरची धूळ झटकली आणि उंबऱ्यावर आणून ठेवली.

"पाव्हणं," ती म्हणाली, "वडूजची येष्टी कवा हाय तुमची?"