पळाला म्हणे

युद्धात पडलेल्या लेकाला शौर्यपदक जाहीर झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी बाप सलूनमध्ये दाढीला बसला होता. शेजारच्या खुर्चीत होते निवृत्त हेडक्लार्क. घरात पाल निघाली की पलंगावर चढणारे हे वीर. पण उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"पदकं काय, देतात हो," आरशातून बापाकडे बघत ते म्हणाले. "पण गोळी पाठीत लागली होती ना? समोर तोंड करून लढणाऱ्याला पाठीत कशी लागेल? पळाला असणार."

न्हाव्याचा वस्तरा थबकला. बापाने मान खाली घातली. शेवटची अंघोळ घालताना ती जखम त्यानेही पाहिली होती. तेव्हापासून हाच प्रश्न त्याला आतून पोखरत होता, आणि देवापुढेसुद्धा तो विचारायची त्याची छाती झाली नव्हती.

तेवढ्यात दारात कुबड्या वाजल्या. लेकाच्या पलटणीतला एक जवान, बापाला भेटायला आलेला, घरी चौकशी करून इथवर पोचला होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"बरोबर आहे काका," तो हेडक्लार्कना म्हणाला. "पळालेच ते."



"माझे पाय निकामी झाले होते. मग मला छातीशी धरून त्यांनाच पळावं लागलं."