आपल्या विमानतळावरून

"फिनिक्सला ताईकडे जाऊन येऊ या ना. विमानप्रवासाचे एवढे पॉइंट साठलेत आपले, तिकीट फुकट मिळेल," लोरेन म्हणाली.

"वेडी आहेस का?" नॉर्बर्ट खेकसला. "आपल्या ओमाहाहून मातीमोल जातात पॉइंट. चांगला भाव मिळू दे."

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तिने हवाई बेटांचं विचारलं, तेव्हाही हेच. मग तिने विचारणंच सोडलं.

काल फ्रिजवर तिची चिठ्ठी होती. "ओमाहाहूनच थेट सिडनीपर्यंतचं बुकिंग मिळालं, तेही फर्स्ट क्लास! पॉइंटना नेहमीच्या तिप्पट भाव. सगळे पॉइंट वापरले."

नॉर्बर्टची छाती फुगली. आली बुवा अक्कल! त्याने लगेच बॅग भरायला घेतली. पोहण्याची चड्डी शोधता शोधता त्याने चिठ्ठी उलटून पाहिली.

"तिकीट एकटीचंच आहे. परतीचंही बघितलं रे, पण त्यात काही चांगला भाव मिळेना."