दुप्पट दिवस

"हात दाखव," मावशी म्हणाल्या. "नखांत कणीक आहे अजून. आंघोळीला आलीयस की भट्टीवर?"

तिला हसू आलं नाही. तिनं मुकाट्यानं नखं कोरली. अंगठी काढून झाली होती, केस मोकळे केले होते. सिनेगॉगच्या मागच्या या खोलीत विधीच्या स्नानाचा हौद होता आणि तो सांभाळणाऱ्या मावशींची जन्मभराची एकच ताकीद होती, अंग आणि पाणी यांच्या मधे काही नको. धागासुद्धा नको. तिच्या अंगावर धागा नव्हता. मनात मात्र एक मुलगी होती.

बाळ पोटातच गेलं होतं. ती शुद्धीवर आली तोवर ते दवाखान्यातून नेऊन पुरलंही होतं. मुलगा की मुलगी, कुणी बोलेना. विषय निघाला की नवरा उठून जायचा. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "स्नानाला इतक्यात नको. तुला दुप्पट दिवस थांबायचंय." तिनं काय ते ओळखलं. मुलगा झाला तर आई कमी दिवस अशुद्ध, मुलगी झाली तर दुप्पट, हे ज्यू घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या दिवसांत तिनं लेकीला नाक दिलं, डोळे दिले, मनातल्या मनात नावही ठेवलं. तेवढ्यावर ती जगली.

गळ्यापर्यंत पाण्यात उतरल्यावर तिला राहवलं नाही.

"मावशी, मुलीलाच दुप्पट का हो?"

"अगं, अशुद्ध म्हणजे काय मळ असतो? पोटातला जीव निघून गेला की जागा ओस पडते. त्या ओसाडपणाचे हे दिवस. मुलीच्या पोटात पुढचा जीव असतो, म्हणून दुप्पट."

"म्हणजे माझी लेक गेली आणि तिचीही गेली," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली.

मावशींच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "लेक? कुणी सांगितलं तुला?"

"दिवस दुप्पट धरले ना."

"बाळे, तुझ्या सासूबाई मलाच विचारायला आल्या होत्या. मुलगा होता की मुलगी, घरच्यांनी पाहिलंच नव्हतं गं, दवाखान्यातही कुणी विचारलं नाही. तसंच गुंडाळून पुरलं. ठाऊक नसलं की मुलीचे दिवस धरतात. चूक नको म्हणून."

तिनं डोकं पाण्याखाली घातलं.

"शुद्ध!" मावशी रिवाजाप्रमाणे म्हणाल्या.

पाण्याच्या आणि तिच्या मधे आता खरंच काही उरलं नव्हतं.