सहावा कॉर्न डॉग

चौथं सॉसेजही नागडंच वर आलं.

नोरीननं काडी तेलातून उचलली. काडीला सॉसेज होतं, सॉसेजवर काहीच नव्हतं. मक्याच्या पिठाचं कवच पातेल्यातच सुटलं होतं आणि भज्यासारखं तरंगत होतं. तिनं ते झाऱ्यानं काढलं आणि आधीच्या तीन भज्यांशेजारी टाकलं.

"जत्रेतले असे नसतात," हॅटी म्हणाली.

"जत्रेतले कसे असतात ते मला माहीत आहे."

हॅटी दहा वर्षांची, नोरीनच्या नवऱ्याची, डेलची, पहिल्या बायकोपासूनची मुलगी. उन्हाळ्यात दोन आठवडे बापाकडे राहायचं ठरलं होतं. रविवारी आली आणि मंगळवारीच आईला फोन करून म्हणाली, मला न्यायला ये. आई, म्हणजे रोंडा, शनिवारी येणार होती. आज गुरुवार. पाच दिवसांत नोरीननं केलेल्या एकाही पदार्थाला पोरीनं बरं म्हटलं नव्हतं. आज सकाळी पहिल्यांदा तिनं आपणहून काही मागितलं, ते हे. जत्रेतले कॉर्न डॉग घरी करता येतात का? नोरीन पटकन हो म्हणून बसली. शनिवारच्या आत एक तरी गोष्ट पोरीच्या मनासारखी व्हावी, एवढंच तिला हवं होतं.

आणि आता हे. खिडकीतला पंखा जुलैचा गरम वारा आत ढकलत होता. बाहेर मैलोन्‌मैल मका उभा होता, आणि ह्या घरात मक्याचं पीठ एका सॉसेजला चिकटत नव्हतं.

सॉसेज उभं बुडवायला उंच ग्लास लागतो. घरात तसा एकच निघाला. त्यावर सोनेरी अक्षरांत 'डेल आणि रोंडा' असं लिहिलेलं, खाली लग्नाची तारीख. पीठ ओघळलं की नावं झाकली जायची, फडकं फिरवलं की पुन्हा दिसायची.

"ह्याच्या जोडीतला दुसरा आईकडे आहे," हॅटीनं माहिती दिली. "त्यात आम्ही दात घासायचे ब्रश ठेवतो."

"बरं करता," नोरीन म्हणाली. ह्यावर माणसानं दुसरं काय म्हणावं?

डेल टेबलापाशी बर्फ घातलेला चहा घेऊन बसला होता. "तेल कमी तापलंय," तो म्हणाला. मघाशी त्याच्या मते जास्त तापलं होतं. पीठ आधी पातळ होतं, मग घट्ट झालं. ताक शिळं होतं. काडी तिरकी खुपसली होती. सॉसेज आधी पुसून घ्यायला हवं होतं. ग्लास कलता धरायला हवा होता. ह्या माणसानं जन्मात कधी अंडं उकडलं नव्हतं, पण शिकवायला सगळ्यांच्या पुढे.

"मग तू कर ना एक."

"मला कुठं येतं?"

नोरीननं दातावर दात ठेवून पिठात आणखी मूठभर मैदा घातला. पाचवं सॉसेज बुडवलं, तेलात सोडलं. हॅटी स्टूल ओढून जवळ आली. पीठ क्षणभर धरलं, रंगही आला, आणि फिरवायला गेल्यावर मोजा निघावा तसं गळून पडलं.

"ह्या वेळी बराच वेळ टिकलं," हॅटी म्हणाली आणि ताटलीतलं एक भजं मस्टर्ड सॉसमध्ये बुडवून तोंडात टाकलं. तिचं ते तिसरं भजं होतं. नोरीनचं लक्ष नव्हतं, तिला पातेलं उचलून अंगणात भिरकावावंसं वाटत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. रोंडाचाच. हॅटी फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेली.

झालं. आता तिकडे सगळा पाढा वाचला जाणार.

"मी काय म्हणतो, पुसून तर बघ," डेल म्हणाला.

"हे बघ, पुसते. मग तरी तोंड बंद ठेवशील?" तिनं सहावं सॉसेज कागदानं खसाखसा पुसलं, पिठात बुडवलं आणि तेलात सोडलं. नवऱ्याला एकदा तरी खोटं पाडायचं होतं.

पीठ सुटलं नाही. तिनं फिरवलं, तरी सुटलं नाही. ते फुगलं, सोनेरी झालं. ती चिमटा हातात धरून बघत राहिली. बाहेरून हॅटीचा आवाज येत होता.

"नाही गं आई, तिला अजिबात जमत नाहीये. पाच केले, पाचही बिघडले... नाही, माझ्यावर नाही चिडत. बाबांवर चिडते. आणि परत करते."

पलीकडून रोंडानं काहीतरी विचारलं असावं.

"नको, शनिवारी नको येऊस. असं मधेच कसं सोडायचं? तिला जमेपर्यंत थांबते मी."

नोरीननं काडी वर उचलली. गुबगुबीत, सगळीकडून बंद, कुठं एक भेग नाही. जत्रेत मिळतो तस्सा. डेलचा चेहरा उजळला आणि त्यानं तोंड उघडलं.

"चकार शब्द काढू नकोस," ती दबक्या आवाजात म्हणाली आणि काडी त्याच्या हातात कोंबली. "खा."

"अगं, कढत आहे."

"असू दे. लवकर खा."

डेलनं खाल्लं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. रिकामी काडी तिनं कचऱ्याच्या डब्यात, अंड्यांच्या टरफलांखाली दाबली.

हॅटी आत आली आणि पुन्हा स्टुलावर चढून बसली. "सहावं?"

"सुटलं," नोरीन म्हणाली.

"मग ते कुठंय?"

"तुझ्या बापानं गिळलं."

हॅटीनं बापाकडे पाहिलं. त्यानं भरल्या तोंडानं मान हलवली.

"असू दे," हॅटी म्हणाली. "अजून दोन आहेत."

नोरीननं पाकिटातून सातवं सॉसेज काढलं. त्यावरून पाणी ठिबकत होतं. पुसायचा कागद हाताशीच पडला होता. तिनं तो बाजूला सारला आणि सॉसेज तसंच ओलं पिठात बुडवलं.