पाडव्यापर्यंत दहा हजार

रविवार, ३० मार्च २०२५, सकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटे. ऋतुजाच्या संकेतस्थळावर भेटींचा आकडा होता ९,८८१.

तिचे वडील आप्पा मागच्या खोलीतल्या जुन्या संगणकासमोर बसले होते. आकडा दिवसातून एकदाच, सकाळी सहाला बदलत असे. आज तो दहा हजारांच्या खाली राहिला, तर संकेतस्थळ बंद होणार होते आणि मंगळवारी ऋतुजा पुण्याच्या कंपनीत रुजू होणार होती.

ही अट आप्पांनीच घातली होती. दसऱ्याच्या दिवशी, जेवताना.

"मराठीतून संगणक शिकवणार म्हणतेस. माउस कसा धरावा, फाइल कुठे ठेवावी, ईमेल कसा पाठवावा. वाचणार कोण?"

"ज्यांना विचारायची लाज वाटते ते, आप्पा."

"लाज मोजता येत नाही. पाडव्यापर्यंत दहा हजार भेटी. नाहीतर पुणे."

"चालेल. पण मोजायचं कसं, तेही तुम्हीच सांगा."

"कुठलेही माप घेतात तसेच. आधी मापाचे शून्य तपासायचे. आणि आपला हात मापाला लागू द्यायचा नाही."

वाढता वाढता ऋतुजाची आई जगदेवी थांबल्या. "पोरगी हाय का तुमच्या कारखान्यातला नटबोल्ट?"

तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन आप्पांनी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तीस वर्षे तपासणी विभाग सांभाळला होता. केसाइतका फरक निघाला, तरी त्या भागावर ते लाल ठिपका लावून परत पाठवत. मालकाच्या मेहुण्याचा मालही त्यांनी एकदा परत पाठवला होता.

पहिल्या महिनाभरात भेटी झाल्या २१२. त्या संध्याकाळी ऋतुजाने ताटातली भाकरी तशीच ठेवली. "भूक नाही," एवढेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती बाहेर गेल्यावर आप्पांनी संगणक सुरू केला. तिचे पान उघडले, बंद केले, पुन्हा उघडले. असे वीस वेळा. सकाळी आकडा एकतीसने वाढलेला दिसला. वीस आपले, अकरा जगाचे, असा हिशोब त्यांनी मनात मांडला आणि चहा घेतला.

मग तो नेमच झाला. फिरून आल्यावर, दार लोटून, वीस-पंचवीस वेळा. हात दुखला की मध्ये ते धडे वाचत. बारावा धडा त्यांना इतका आवडला की पुढे ते तोच उघडू लागले. ऋतुजाने लिहिले होते: "घराला जसा पत्ता असतो, तसा इंटरनेटच्या प्रत्येक जोडणीलाही असतो. पाहुणा कोण, हे कळेलच असे नाही. तो कोणत्या दारातून आला, हे मात्र कळते." एवढे सोपे करून त्यांना कोणी कधी शिकवले नव्हते. बागेतल्या मित्रांना त्यांनी ते वाक्य दोनदा ऐकवले. ऋतुजाला मात्र ते एका शब्दाने काही बोलले नाहीत.

माघात अक्कलकोटला लग्न होते. दोन दिवस संगणक बंद राहिला. परत येऊन पाहिले, तर आकडा दीडशेने वाढला होता. मागे साठलेली मोजणी पुढे आली असेल, असे त्यांनी ठरवले आणि दुसऱ्या दिवसापासून नेम पुढे चालू केला.

काल एकशे एकोणीस कमी होते. आप्पांनी दुपारी जेवण लांबवले आणि पान एकशे वीस वेळा उघडले.

सहा वाजले. आकडा हलला. १०,०४३.

बाहेरच्या खोलीतून जगदेवींचा आवाज आला. "अहो, गुढीची काठी बांधायची हाय. तितंच बसून ऱ्हाणार की काय आज?"

आप्पा बाहेर आले. ऋतुजा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी कडुलिंबाचा डहाळा आणि साखरेची गाठी ठेवली होती.

"झाले का?" आप्पांनी विचारले, जणू त्यांना ठाऊकच नव्हते.

"दहा हजार त्रेचाळीस."

"मग पुण्याला कळव. येणार नाही म्हणून."

"आई, ऐकलंस? आप्पांनी माल पास केला."

"लाल ठिपका कुटं गेला आज?" जगदेवी म्हणाल्या आणि तांब्या पुसू लागल्या.

तीस वर्षांत आप्पांनी एकही खोटे माप पुढे जाऊ दिले नव्हते. आज जाऊ देत होते, आणि ते परत बोलावण्याची त्यांची इच्छा नव्हती. पोरगी घरात राहणार होती. तिचे धडे चालू राहणार होते. बाराव्या धड्यासाठी तरी संकेतस्थळ राहायलाच हवे होते.

"एकदा तपासून घ्या की, आप्पा," ऋतुजा म्हणाली. "तुमच्या तपासणीशिवाय मी कळवणार नाही."

"गरज नाही. माझा विश्वास आहे."

"विश्वास मोजता येत नाही."

"आज सण आहे. राहू दे."

"पाच मिनिटांचं काम. तुम्ही सांगितलं तसंच मोजलंय मी, पहिल्या दिवसापासून."

जगदेवींनी त्यांचा चष्मा आणून हातात दिला. "बघा की. पोरगी एवढं म्हणती तर."

आप्पा खुर्चीच्या कडेवर टेकले. ऋतुजाने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर एक तक्ता होता, जो त्यांनी पूर्वी कधी पाहिला नव्हता. गावे होती: बार्शी, मंगळवेढा, करमाळा, लातूर, विजापूर. प्रत्येक गावापुढे दोन आकडे होते, आलेल्या भेटी आणि मोजलेल्या भेटी. आप्पा बोट टेकवत एकेक ओळ वाचत खाली आले. शेवटच्या ओळीत गावाचे नाव नव्हते.

तिथे लिहिले होते: आप्पा, मागची खोली. आलेल्या भेटी ३,४०६. मोजलेल्या ०.